उचकी

पाचव्या दिवशीही त्रिंबकदादाची उचकी थांबली नाही.
ससूनच्या कॉटशी बसून शैलावहिनी नावं घेत होती:
धुळ्याची आत्या, शेजारचे करडेकाका,
पैसे बुडवून गेलेला तो भांडेवाला.
ज्याच्या नावाला थांबेल, तो आठवण काढतोय.
एकाही नावाला थांबली नाही.

मी सव्वीस वर्षं हेच शिकवते.
बरणीतून काढून ट्रेमध्ये ठेवते आणि म्हणते,
मस्तिष्कपुच्छ. नाव शेपटाचं, काम जकातनाक्याचं.
वर जाणारं, खाली येणारं, सगळं इथूनच.
मग ती जागा दाखवते, जिथे उजव्याचं डावीकडे जातं
आणि डाव्याचं उजवीकडे,
आणि मागच्या बाकावरून दर वर्षी कुणीतरी म्हणतं,
मॅडम, अप्पा बळवंत चौक.
दर वर्षी मी हसते.

एमआरआयवर उजव्या कडेला पांढरा ठिपका होता,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
तिथून दोन वाटा अगदी चिकटून जातात,
एक उजव्या गालाची, एक डाव्या अंगाची.
नळी एकच तुंबली, पाणी दोन्हीकडचं गेलं.
आता उजव्या गालाला बर्फ कळत नाही
आणि डाव्या हाताला विस्तव.
उजव्या हाताची ताकद शाबूत आहे,
नेम गेला.

तांबट आळीत हातांची वाटणी जन्माआधीच झालेली असते:
डावा भांडं फिरवतो, निवलंय की नाही ते सांगतो,
उजवा मठारतो.
त्या ठोक्यांत मी बारावीचा अभ्यास केला.
ठोके चालू असेपर्यंत ऐकू यायचे नाहीत.
थांबले की दचकून मान वर व्हायची.

"केवढं असतं गं ते?"
अर्ध्याच आवाजात दादाने विचारलं.
मी अंगठ्याचं वरचं पेर दाखवलं.
एक पापणी अर्धी मिटलेली, तो बघत राहिला.
"म्हणजे रिवेट," उचकी, "बंबाच्या कानाची.
अख्खा बंब," उचकी, "तिच्यावर उचलायचा."
हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.
लगेच मोबाइलमध्ये लिहून घेतलं,
मग त्याच्या नाकातली नळी दिसली
आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

गिळण्याचं आणि आवाजाचं केंद्र एकच.
त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ संदिग्ध,
कारण स्लाइडवर त्याच्या कडा धड दिसत नाहीत.
मुलं भलतीकडेच बाण काढतात, मी अर्धा मार्क कापते.
इथे एक कोवळी थेरपिस्ट चमच्यात घट्ट केलेलं पाणी घेऊन
दादाला सांगत होती, काका, मान उजवीकडे वळवा, आता गिळा,
आणि आम्ही तिघी त्याच्या गळ्याकडे बघत
आपापला आवंढा गिळत होतो.

सातव्या रात्री तीनच्या सुमाराला उचकी थांबली.
वहिनी झोपली होती, कुणी कुणाचं नाव घेत नव्हतं.
मी दचकून मान वर केली.
छातीकडे बघितलं.
वर. खाली.
बराच वेळ गेला, असं वाटलं. वर.
त्या पेरात कुणीतरी अजून ठोका देत बसलं होतं.

दिवाळीनंतर दादा पुन्हा ऐरणीशी बसतो, तासभर.
निवलंय का, हे आता मुलाला विचारतो.
पहिला तांब्या त्याने विकला नाही, मला दिला.
एका बाजूला ठोके ओळीत,
दुसऱ्या बाजूला कुठेही, पाऊस पडल्यासारखे.
कॉलेजच्या टेबलावर असतो.

परवा लेक्चरमध्ये मलाच उचकी लागली.
मुलं लिहायची थांबली.
मनातल्या मनात दादाचं नाव घेतलं.
थांबली नाही.
तांब्यातलं पाणी प्यायले,
म्हटलं, पुढची स्लाइड.